माठाखालचे वीस दाणे

आत्या,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. इतका लगेच, की अण्णा पिंड ठेवून चार पावलं मागे सरले न सरले तोच तो बाभळीवरून खाली उतरला. गुरुजी अजून सगळ्यांना बाजूला व्हा म्हणतच होते. आई पदरात तोंड घालून म्हणाली, "सुटल्या आक्का." आणि भाऊकाका डोळे पुसता पुसता म्हणाले, "आक्काचं जित्तेपणी कोणावाचून अडलं नाय, आता काय अडायचं!" त्यावर दोन-चार माणसं हसलीसुद्धा. दहाव्याला हसू येतं हे मला माहीत नव्हतं.

मी मात्र तिथेच उभी राहिले. मी ठरवून आले होते. कावळा थांबला की माणसं म्हणतात, बघा, काय राहिलंय जिवात, कोणाला काय कबूल करायचं असेल तर करा. तेव्हा पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि मनातल्या मनात तुला सगळं सांगून टाकायचं, असं मी नाशिकपासून एसटीत घोकत आले होते. तू तेवढी सवडच दिली नाहीस. सगळे मोकळे झाले आणि मी तशीच भरलेली घरी परत आले.

म्हणजे दुपारपर्यंत. दुपारी जे झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. पण ते आधी सांगितलं तर तुला आवडणार नाही. तू गोष्ट सांगताना मध्ये कोणी घाई केली की मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. म्हणून पहिल्यापासून लिहिते. मला असं लिहायची सवय नाही. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, अनुमान एवढं लिहिता येतं. इथे कृती माझी आहे एवढंच नक्की. बाकीचं चुकलं तर सांभाळून घे.

वसतिगृहात माझ्या खोलीत सुरगाण्याची एक मुलगी आहे. तिला मी एकदा डोंगळे म्हणजे काय ते समजावत होते. कांदाचाळीत साठवलेल्यातून चांगले कांदे निवडायचे, ते पुन्हा मातीत लावायचे, त्यांना कमरेएवढे पोकळ दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू आणि त्या चेंडूत काळं बी. तिने विचारलं, "दर वर्षी कशाला? एकदाच भरपूर करून ठेवायचं. आमच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी कितीतरी वर्षं राहतं." मी म्हटलं, कांद्याचं बी वर्षापुढे भरवशाचं राहत नाही. एक साल चुकलं की ते घराणं संपलं. हे मी अगदी तुझ्याच सुरात बोलले आणि बोलून झाल्यावर उठून खिडकीशी गेले. तिला वाटलं, घरची आठवण आली.

त्या बियाला तू नुसतं 'आपलं बी' म्हणायचीस. दुकानातल्या बियाला नाव असतं, पाकिटावर कांद्याचं चित्र असतं. आपलं बी म्हणजे निंबाचा वाळलेला पाला आणि त्याखाली पत्र्याचा डबा. सासरी चार वर्षं काढून तू भावाच्या घरी परत आलीस, तेव्हा सोबत काय आणलंस हे कोणी कधी मोठ्याने बोललं नाही. पण हे बी तिकडून आणलंस, हे सगळ्यांना माहीत होतं. ऑक्टोबरात तू चाळीत मांडी घालून कांदे निवडायचीस. मुठीत मावेल एवढा, मान बारीक, रंग तांब्याच्या भांड्यासारखा. लहानपणी मी शोधून दिलेला प्रत्येक कांदा तू अंगठ्याने दाबून परत टाकायचीस. "दिसायला गोजिरा हे सोने, पर आतून जोड हे." कापला की आत खरंच दोन कांदे एकमेकांना चिकटून बसलेले असायचे. मला वाटायचं तुला आरपार दिसतं. या गोष्टीची मला पुढे फार भीती वाटली.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस निम्म्यावर थांबला. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद तळापर्यंत उघडा पडला आणि त्यावर गावातली कुत्री झोपायला लागली. अण्णा विहिरीत उतरून आले, पायाला लागलेला गाळ दाखवला आणि बाजेवर बसले. शेजाऱ्यांनी डाळिंबाची बाग कुऱ्हाडीने काढली. तो आवाज तीन दिवस येत होता. टँकर दोन दिवसांआड यायचा. शेतात कांदा लावायचा प्रश्नच नव्हता. चाळीत फक्त तू बियासाठी बाजूला काढलेले पाटीभर कांदे होते. म्हणजे आपला कांदा जगात तेवढाच उरला होता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

"आक्का, ह्या साली डोंगळे राहू दे," अण्णा म्हणाले. "माणसाला प्यायला नाय आन् तू कांद्याला पाणी मागती."

"तुझ्या प्यायचं कुठं मागती? तुझ्या अंघोळीचं मागती."

"अंघोळ तरी रोज कुठं हे?"

"मंग ज्या दिवशी करशील त्या दिवशीचं दे."

तू न्हाणीच्या मोरीला पाइपाचा तुकडा जोडलास आणि अंघोळीचं, भांड्यांचं, भाजी धुतल्याचं सगळं पाणी घरामागच्या चार वाफ्यांकडे वळवलंस. त्या दिवसापासून घरातल्या तांब्याभर पाण्याचाही दुसरीकडे जायचा रस्ता बंद झाला. चूळ भरायलासुद्धा न्हाणीतच जावं लागायचं. आणि कांद्याला फेस चालत नाही म्हणून तू माझा साबण काढून घेतलास. मी बारावीला, रोज बसने मनमाडला कॉलेजला जाणारी.

"मी केस कशानं धुऊ?"

"डाळीचं पीठ लाव."

"पिठानं? मैत्रिणी वास घेतील माझा!"

"घेऊ दे. भज्यासारखा येईल. भूक लागंल त्यांना."

मी आठ दिवस तुझ्याशी अबोला धरला. तुझ्या ते लक्षातच आलं नाही. तू वाफ्यात होतीस.

माघात डोंगळे फुलले आणि वारा सुटला. सगळं शिवार उघडं, कुठे हिरवं पान नाही, त्यामुळे वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला पूर्वेकडचं आभाळ आधी पिवळं व्हायचं, मग विटकरी, आणि मग समोरचं निंबाचं झाड दिसेनासं व्हायचं. छपराचे पत्रे थडाथड वाजायचे. आई दाराच्या फटीत गोणपाट कोंबायची, तरी भाकरी खाताना दाताखाली कचकच यायची. गाईंच्या पापण्यांवर धूळ साचायची. वारा पडल्यावर अण्णा अंगणात येऊन शेताकडे बघत म्हणायचे, "आपलं वावर चाललं उडून. उद्या निफाडवाल्यांना जाऊन मागावं लागंल." ते विनोद करायचे, पण त्यांचे डोळे लाल असायचे. धुळीनेच, असं ते म्हणायचे.

त्या धुळीपासून डोंगळे वाचवायला तू वाफ्यांभोवती काठ्या रोवून जुनी लुगडी बांधलीस. एक बाजू कमी पडली. आईने तिच्या साड्यांच्या पेटीवर बसूनच सांगितलं, "आक्का, ह्यातली मिळणार नाय." मग एका संध्याकाळी मी बसमधून उतरले, तर कॉलेजच्या साडी डेला मी हौसेने नेसलेली मोरपंखी साडी डोंगळ्यांभोवती फडफडत होती. मी रडले. तू म्हणालीस, "एका दिवसासाठी घेतली व्हती ना? आता रोज नेसतेत बघ."

पण धूळ वरूनही पडायचीच. फुलांवर पिठासारखा थर बसायचा आणि मधमाशा येईनात. यायच्या तरी कशाला? कोसभर दुसरं फूल नव्हतं. माशी नाही तर बी नाही, एवढं तुला कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. तू रोज सकाळी, दव सुकलं की, तळहाताला जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळायचीस आणि ओळीने एकेका फुलावरून हात फिरवत जायचीस. आधी फुंकर घालून धूळ उडवायची, मग हात. एका फुलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मुलांना शाळेत पाठवताना डोक्यावरून फिरवतात तसा.

मी म्हणाले, "आत्या, हे माशीचं काम आहे. तुझ्यानं काय होणार?"

"माशी आली नाय तर हात बांधून बसू का? तिचंच काम करू राह्यली. आली की देईन तिला परत."

मग जीवशास्त्राच्या तासाला मॅडमनी हाताने परागीभवन कसं करतात ते शिकवलं. मी त्या दिवशी बसस्टॉपपासून घरापर्यंत पळत आले आणि तुला सांगितलं की तू करतेस ते बरोबर आहे, पुस्तकात आहे. मला वाटलं होतं तू खूश होशील. तू वर बघितलंही नाहीस. म्हणालीस, "तुझ्या म्याडमला सांग, लय दाबायचं नाय. नाजूक असतं ते." दुसऱ्या दिवसापासून एक ओळ माझी झाली. बारावीचा अभ्यास मी तिथेच केला, एका हातात वही आणि एका हाताला धोतराचा तुकडा. तुला कधी सांगितलं नाही, पण माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी त्याच.

आणि तेच बी मी मारलं.

हे वाक्य लिहायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. आता कृती लिहिते.

एप्रिल लागला होता. माझी परीक्षा झाली होती. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तू डोंगळ्यांसाठी दोनदा पुढे ढकललं होतंस, शेवटी अण्णा तुला जवळजवळ उचलूनच नाशिकला घेऊन गेले. जाताना तू मला सांगून गेलीस: ज्या बोंडाने तोंड उघडलं, आत काळं दिसलं, तेवढंच सकाळी कापायचं. बाकी राहू द्यायचं. आणि सावलीत वाळवायचं. "सावलीत" हे तू दोनदा म्हणालीस. जीप सुटल्यावर खिडकीतून परत एकदा.

दुसऱ्याच दिवशी आभाळ विटकरी झालं. आई टँकरच्या रांगेत होती. असलं वादळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लुगडी काठ्यांसकट उपटली गेली, माझी मोरपंखी साडी बाभळीत जाऊन अडकली. दांडे आडवे होत होते, उघडलेल्या बोंडांतून बी उडताना मला दिसत होतं. मी घाबरले. विळा घेतला आणि उघडलेलं, मिटलेलं, हिरवं, सगळं कापून घरात आणलं. इथपर्यंत तू मला माफ केलं असतंस. पण घरात जमिनीवर बोटभर धूळ होती. कुठे पसरू? मला वाटलं, पत्र्यावर धूळ टिकत नाही, वाऱ्याने निघून जाते, आणि ओलं बी तिथे लवकर वाळेल. पुस्तकात होतं की बियातला ओलावा कमी झाला की ते जास्त टिकतं. मी शिडी लावली आणि एप्रिलच्या उन्हात, हात लावला तर चटका बसेल अशा पत्र्यावर बी फडक्यात बांधून चार दिवस वाळवलं.

तू काळा चष्मा लावून परत आलीस तेव्हा मी बी चोळून, पाखडून तयार ठेवलं होतं. काळंभोर, चकचकीत. तू ओंजळीत घेऊन म्हणालीस, "झाक केलंस पोरी. आता वीस दाणे माठाखाली ठेव." दर वर्षी तू तेच करायचीस. ओल्या फडक्यात वीस दाणे, घडी घालून माठाखालच्या गारव्यात. आठ दिवसांनी उघडायचं. सोळा-सतरा उगवले की बी चांगलं.

आठ दिवसांनी मी फडकं उघडलं. एकही नाही. दोन दिवस आणखी ठेवलं. एकही नाही. तू ओट्यावरून विचारलंस, "किती आले गं?"

मी म्हटलं, "अठरा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजचं काम आहे सांगून मी मनमाडला गेले आणि दुकानातून उन्हाळी कांद्याचं बी आणलं. पाकीट फोडलं तर बी गुलाबी. औषध लावलेलं. मी न्हाणीचं दार लावलं, माझ्या अंघोळीचं पाणी घेतलं आणि तीन पाण्यांनी ते धुतलं, काळं होईपर्यंत. या वेळी सावलीत वाळवलं. डब्यात भरलं, वर निंबाचा पाला ठेवला. आपलं बी बांधावर नेऊन उधळलं. दुपारची वावटळ ते घेऊन गेली.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. लोक हसायला लागले, तळ्यातली कुत्री उठली, मी नाशिकला बीएस्सीला गेले. फॉर्म भरण्यापासून खोली मिळण्यापर्यंत काहीही विचारायला घरात कोणी शिकलेलं नव्हतं. तरी तू माझ्याबरोबर आलीस आणि काही कळत नसताना प्रत्येक खिडकीपुढे माझ्यामागे उभी राहिलीस. मी मात्र तुझ्याकडे वळून बघत नव्हते. ऑक्टोबरात तू रोप टाकायला डबा काढलास तेव्हा मला मुद्दाम बोलावलंस. "सोने, तुझ्या हातनं उघड." मी खाली मान घालून उघडला. तू बराच वेळ तशीच उभी होतीस. पुढच्या वर्षी त्याच रोपाच्या कांद्यांतून तू पुन्हा डोंगळ्यांसाठी कांदे निवडलेस, दाबून, उन्हात धरून, तेवढ्याच मायेने. मला वाटायचं, ही परक्याचं लेकरू आपलं समजून पाजते आहे आणि ते फक्त मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. "डोंगळे फुललेत. माशा लय आल्यात ह्या साली. रविवारी ये, निवांत बोलू." मी म्हटलं प्रात्यक्षिक परीक्षा आहे. परीक्षा होतीच, पण ती सोमवारी होती. मला त्या 'निवांत बोलू'ची भीती वाटली. बुधवारी अण्णांचा फोन आला. तू सकाळी चहा घेतलास, वाफ्यापर्यंत चालत गेलीस आणि परत येऊन बाजेवर आडवी झालीस, ती झालीसच. अण्णा म्हणाले, तुझ्या तोंडावर काही त्रास दिसत नव्हता. देवाने तेवढं केलं. पण तो रविवार माझ्याकडेच राहिला.

आता दुपार.

जेवणं झाल्यावर यमुनामावशी घरामागे डोंगळ्यांपाशी जाऊन बसली होती. तुझी नणंद. दर वर्षी आषाढात तू तिच्याकडे निफाडला जायचीस, येताना एक गाठोडं आणायचीस. मला वाटायचं कुरडया. ती फुलांकडे बघत होती. मधमाशांचा एवढा आवाज होता की जवळ जाऊन बोलावं लागत होतं. ती म्हणाली, "बघ, कसं फुललंय आक्काचं बी." आणि माझ्याने राहवेना.

"मावशी, हे आत्याचं बी नाही."

मी सगळं सांगितलं. पत्रा, माठ, अठरा, दुकान. मी थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, "गुलाबी व्हतं ना?"

"कोणी सांगितलं?"

"अगं येडे, धुतलंस कुठं ते?"

"न्हाणीत."

"आन् न्हाणीचं पाणी कुठं जातं तुमच्या घरात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आत्या. दुसऱ्या कोणाच्याही घरात ते पाणी गटारात गेलं असतं. मी दार लावलं, कडी घातली, पाकीट चुलीत जाळलं, आणि पाणी मात्र इमानदारीने तुझ्या पाइपात ओतलं. पाणी बाहेर फेकावं हे माझ्या मनातही आलं नाही. डोंगळे निघाले होते, पण त्या वाफ्यात तू वांगी लावली होतीस, आणि काळा चष्मा लावून तू तिथेच उभी होतीस.

"मला म्हणली," मावशी सांगत होती, "यमे, डोळा करून आल्यावर पयल्यांदा जो रंग मला निस्ता लखलखीत दिसला, तो आमच्या सोनीचं पाप व्हतं!" आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बया, काय हसलो व्हतो आम्ही!"

"मग बी?"

"बी काय? आषाढात माझ्याकडनं डबा भरून नेलं. आमच्याच घरातलं ना ते मुळात. ती इकडं आली तवा मूठभर तिनं आणलं, मूठभर माझ्याकडं ठेवलं. तवापास्नं तिकडची मूठ इकडं, इकडची तिकडं. बी कधी एका घरात ठेवत नाय. एवढं शिकवलं नाय व्हय तुला?"

"आणि दुकानाचं?"

"त्याची पात केली तिनं. तूच खाल्ली की. लय गोड म्हणली म्हणं."

मला आठवलं. त्या श्रावणात तू एक वाफाभर कांद्याची पात केली होतीस. तू, जी बियाचा एक दाणा सांडला तर बोटाने टिपायचीस, तू पातीसाठी बी टाकलंस याचं आईलाही नवल वाटलं होतं. झुणका वाढून तू माझ्यासमोर बसलीस. "कशी लागती?" "गोड." "लय गोड?" "हो, लय गोड." तू उठून आत गेलीस आणि आतून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता तर!

मी बांधावर बसले आणि रडले. मग हसले, मग दोन्ही. डोळ्यांपुढे ते पांढरे चेंडू वाऱ्यावर डोलत होते, आणि ते सगळे आपले होते. दोन वर्षं मी ज्यांच्याकडे बघायला घाबरत होते ते सगळे आपले. माझ्या छातीवरून कोणी पाटा उचलावा तसं झालं. वाटलं, आत्ता तू समोर असतीस तर तुझ्या पाया पडले असते. आणि त्यानंतर भांडले असते.

कारण मला रागही आला, आत्या. तो लिहायलाच हवा. दोन वर्षं तू मला तसंच ठेवलंस. मी मावशीला विचारलं, ती मला बोलली का नाही? मावशी म्हणाली, "बोलणार व्हती. पर म्हणली, ती सांगंल. तिच्या तोंडानं आलं तर तिचं भ्या जाईल. मी बोलले तर निस्ती माझी भीती बसंल." मला अजून कळत नाही तुझं बरोबर होतं का. डबा उघडायला बोलावलंस, रविवारी बोलावलंस. तू तुझ्या बाजूने दार उघडं ठेवलंस, हे आता कळतं. पण एकदा कान पिरगाळला असतास तर? मी सांगून टाकलं असतं. हे भांडण आपलं राहिलं. आपली बाकीची भांडणं तूच जिंकलीस, हे एक मी सोडणार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी अण्णांना आणि आईला सांगितलं. अण्णा दहा दिवसांत कोणाशी धड बोलले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "म्हणजे ती पात..."

"हो."

"मी दोनदा मागून घेतली व्हती." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना तुझी आठवण आली असणार, कारण आवाज मध्येच फुटला, पण ते हसायचे थांबले नाहीत. आई म्हणाली, "शेजारी काय म्हणतील, दहाव्याच्या दिवशी!" आणि तीही हसली.

आज सकाळी मी वाफ्यात गेले. सवयीने धोतराचा तुकडा बरोबर नेला होता. पण तिथे हाताचं कामच नव्हतं. प्रत्येक फुलावर माशी होती. तू म्हणाली होतीस, आली की तिचं काम तिला परत देईन. दिलंस. मी थोडा वेळ उभी राहिले, फडकं खांद्यावर टाकलं आणि घरात आले. जाताना यमुनामावशी म्हणाली, या वर्षीची मूठ आता तू घेऊन यायची. मी हो म्हटलं आहे.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा आहे, पण कापणीच्या दिवसांत मी येईन. उघडलेलं तेवढंच कापीन. सावलीत वाळवीन. आणि वीस दाणे माठाखाली ठेवीन, आत्या. जेवढे येतील तेवढेच सांगीन.

तुझी,
सोनी